रफीकनं सोडलेला शब्द

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमडापूरला माझ्या दुकानात विहिरीवरच्या एका मोटरचं जळकं वाइंडिंग काढत बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. फोन त्याच्याच नंबरवरून होता, म्हणून मी मुद्दाम उचलला नाही. आठ दिवसांपासून आमचा अबोला होता, आणि मी मनाशी ठरवलं होतं की या गृहस्थानं निदान दोनदा तरी फोन करावा, मग बघू. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडे त्याचा मेहुणा. "गजूभाऊ, रफीकभाई गेले… पहाटे दम लागला अन् खेळ खलास." खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला रडू आलं नाही. मला खामगावचा कार्यक्रम आठवला. तिथे भर स्टेजवर, ओळ अर्धी असताना, मी त्याला मुद्दाम एकटं सोडलं होतं. आमचं ते शेवटचं गाणं. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय राहून गेलं, हा एकच प्रश्न घेऊन मी पुढचे चाळीस दिवस काढले.

ज्यांनी आम्हाला कधी ऐकलं नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. रफीक साखरखेर्ड्याचा, पिंजाऱ्याच्या घरातला. घरचं गादीघर. त्याचे वडील जुन्या पिंजणीवर कापूस पिंजायचे. माणसाएवढ्या त्या धनुष्याच्या तातीवर ठोका पडला की खोलीभर घुमायचं. रफीकचा ठेका तिथला. मी शिकलो गावच्या भजनी मंडळात, म्हणजे रांगेत बसून, कोणाच्या पुढे न जाता. चिखलीला कॉलेजात आमची गाठ पडली. गॅदरिंगला दोघं वेगवेगळे गाणार होतो, पण ऐनवेळी एक माईक बंद पडला, आणि सरांनी वैतागून दोघांना एकदमच वर ढकललं. त्यानं आईवर केलेलं गाणं सुरू केलं, "वावरात गेली माय, सावली ठेवून…" आणि शेवटचा शब्द यायच्या आत मी त्याला खांद्यानं सरकवून माईकपाशी घुसलो आणि "गेली" ओढून म्हटलं. तो असा डोळे वटारून बघत राहिला की पोरं बाकांवर उभी राहिली. झालं, तेव्हापासून तीच आमची रीत पडली. ओळ त्याची, शेवटचा शब्द माझा. पुढे हवे तेवढे माईक मिळायला लागले, तरी आम्ही एकच ठेवला.

नंतर त्याच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आली, माझ्या हातात डफ. त्याच्या वडिलांची पिंजण मी खटपट करून अॅम्प्लिफायरला जोडली. तिचा पहिला ठोका पडला की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं दचकायची आणि मग हसायची. पेपरवाले विचारायचे की हे लोकगीत आहे की रॉक. रफीक म्हणायचा, "गादी भरायचं गाणं हाय साहेब, झोप येऊ नये म्हणून जोरात म्हणतो." लोकांना वाटायचं, यांचं किती गूळपीठ आहे. कसलं गूळपीठ! तो मुद्दाम ओळ लांबवायचा, मी शब्दासाठी ताटकळत उभा. मग मी माझा शब्द इतका ताणायचो की त्याला पुढची ओळ उचलता येऊ नये. खाली उतरलो की तो म्हणायचा, "मले मारतं काय बे एखाद्या दिवशी?" आणि आम्ही एकाच प्लेटमध्ये भजी खायचो. त्या भांडणातच आमचं गाणं होतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. त्याला कळत होतं, असं आता वाटतं.

मग पुणे आलं. मोठं सभागृह, पहिल्यांदाच एवढं मोठं. दुसऱ्या गाण्याला माईक खरखरायला लागला, तर रफीकनं साउंडवाल्याला आपल्या नेहमीच्या मायेनं हाक मारली, "काऊन खरखरून राह्यलं बे, पाह्य ना जरा!" आमच्याकडे 'बे' म्हणजे गळ्यात हात टाकल्यासारखं. तिथे साउंडवाल्याचं तोंड पडलं आणि सभागृहात हशा पिकला. तो मजेचा हशा नव्हता, हिणवणारा होता; आपण ओळखतो तो. आणि मी काय करावं? मी माईकपाशी गेलो आणि शाळेत वक्तृत्वाला बोलायचो तशा भाषेत म्हणालो, "माफ करा, माझा मित्र जरा गावाकडचा आहे. त्याचं बोलणं मनावर घेऊ नका." टाळ्या पडल्या हो त्या वाक्याला! रफीकनं उरलेली सगळी गाणी म्हटली, पण एकही शेवटचा शब्द माझ्यासाठी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत तो मागच्या सीटवर जाऊन बसला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी मोटरी भरत बसलो, तो गाद्या.

अकरा वर्षांनी तो आला तोही कामापुरता. पिंजायच्या मशीनची मोटर जळली होती. टेबलावर ठेवली आणि शर्टाला पुसत म्हणाला, "मोटर जयली." मी म्हणालो, "दोन दिवस." एवढंच. दोन दिवसांनी मोटर सुरू करून दाखवली, ती घूं करत फिरायला लागली, आणि हा मान तिरकी करून ऐकत उभा. म्हणाला, "काळी दोन हाय बे." आमची गायची पट्टी. मला इतकं हसू आलं की मला खाली बसावं लागलं. त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा गायला बसलो. त्याची अट एकच होती: दोन गाण्यांच्या मधे बोलणार तो, आणि आपल्याच बोलीत. मी मुकाट मान डोलावली.

ती अट त्यानं पुरेपूर वसूल केली. प्रत्येक कार्यक्रमात माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "हा आमचा गजानन. लय हुशार माणूस. फक्त पुण्यात याले वऱ्हाडी समजत नाही." लोक हसून लोटपोट. त्यांना वाटायचं ही ठरवलेली गंमत आहे. मी आपला दात दाखवत उभा राहायचो. तीन वर्षं गिळलं. चूक माझीच होती ना, मग कोणत्या तोंडानं बोलणार? त्याच्या ओळीवर कुरघोडी करणंही मी सोडलं होतं. शब्द आला की उचलायचा, नीट ठेवायचा, मागे सरकायचं. गेल्या काही महिन्यांत मात्र त्याचं नवंच सुरू झालं. एका शब्दाऐवजी दोन शब्द सोडायचा, कधी अर्धी ओळच. मी धडपडत उचलायचो. मनात म्हणायचो, आता याला मला हमालही करायचंय. तो खोकायचा, पण तो कायमच खोकायचा. कापसाच्या घरात कोण खोकत नाही?

खामगावला दुपारचा कार्यक्रम होता, शेतीच्या प्रदर्शनात. त्यानं पुण्याचा टोमणा एकदा मारला, पुन्हा मारला. शेवटचं गाणं आईचंच. "वावरात गेली माय…" म्हणून तो थांबला. आख्खी अर्धी ओळ माझ्यावर टाकली. माझं डोकं सणकलं. मी तोंड मिटलं, डफ खाली केला आणि त्याच्याकडे सरळ बघत उभा राहिलो. म्हण आता तूच. त्यानं माईकचा दांडा धरला. त्याच्या कपाळावर घाम होता, ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं, हे लिहिताना हात थांबतोय, पण ते तसंच होतं. मग त्यानं श्वास गोळा करून "सावली ठेवून" एवढं कसंबसं म्हटलं, आणि "गेली" मी असा काही हाणला की मांडव हलला. टाळ्या थांबेनात. खाली उतरताना तो धापा टाकत म्हणाला, "आज तू लय चांगला गायला बे." मला वाटलं, हाही टोमणाच. जीपमध्ये मी एक शब्द बोललो नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला साखरखेर्ड्याला गेलो. माणसं जेवून गेल्यावर गादीघरात मी आणि शमीमभाभी, त्याची बायको, दोघंच उरलो. मी म्हणालो, "भाभी, खामगावला मी त्याला मुद्दाम सोडलं." भाभी म्हणाल्या, "मले मालूम हाय. आल्या आल्या सांगतलं त्यायनं." मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. डॉक्टरनं सहा महिन्यांआधीच कापूस आणि गाणं दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. ओळभर दम पुरत नव्हता, म्हणून शब्द सोडत होता.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी जवळजवळ ओरडलोच. "सगळे शब्द मी उचलले असते!"

"म्हणूनच नाही सांगतलं, गजूभाऊ. मी म्हटलं त्यायले, सांगा, ते सांभाळून घेतीन. तं म्हणे, त्याचंच तर भेव हाय. पुण्यापासून तो माह्यासंग माफी मागत मागतच गाऊन राह्यला. मी एवढं डिवचतो, पण तो भांडतच नाही." भाभींनी पदरानं डोळे पुसले. "त्या दिवशी जेवताना हसून राह्यले होते. म्हणे, आज गज्या भांडला, शमीम. आज आमची जोडी गायली."

मला त्याचा भयंकर राग आला आणि मी तिथेच, कापसाच्या ढिगाशेजारी, लहान पोरासारखा रडलो. तीन वर्षं मी माफी मागत गायलो म्हणे. पण तोंडानं एकदाही मागितली नव्हती. पुण्यात जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो, तेव्हा हेही चारचौघांतच व्हायला हवं. हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येतंय, ती पुण्यातही वाचतात. तर रफीक, तुह्या बोलण्यात काहीच वाईट नव्हतं बे. लाज मले माहीच वाटली होती. चुकलं माह्यं.