सातव्या खांबाजवळचा सिग्नल

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. माझं पोट रेडिओ सिग्नल तपासण्यावर चालतं आणि सिग्नल एक तर पोचतो, नाही तर पोचत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये... संताप येतोय.

कागल पंचतारांकित एमआयडीसीतली एक फाउंड्री. नाव लिहीत नाही. तिथली क्रेन वायरलेस रिमोटवर चालते. ऑपरेटर खाली चालत बटणं दाबतो, क्रेनवरचा रिसीव्हर हुकूम ऐकतो. दिवाळीनंतर सात नंबरच्या खांबाजवळ क्रेन थांबलीच नाही आणि टांगलेल्या साच्यानं शिवाप्पामामांना भिंतीशी चिरडलं. नेसरीचा माणूस, बावीस वर्षं क्रेनवर. कंपनीनं ठरवून टाकलं — मामांनी स्टॉपचं बटण उशिरा दाबलं. मेलेल्या माणसावर ढकलायला काय जातंय?

रिमोट आणि क्रेनमधली लिंक तपासायला मला बोलावलं, ते सोमवारी सकाळी. सोमवारी सुट्टी, भट्ट्या बंद. मॅनेजर म्हणाले, "लिंक चांगली आहे एवढं लिहा. अकरापर्यंत उरका."

मी नवा रिमोट घेऊन एकेका खांबाशी थांबून बटण दाबत होतो. वर क्रेनवर फिटर संभाजी रिसीव्हरला जोडलेला लॅपटॉप धरून सिग्नलचे आकडे ओरडत होता. सहा खांब ठणठणीत. सातव्याशी आलो, अजून बटणाला बोट लावलं नव्हतं.

"सायेब, स्टॉप आला की."

"मी दाबलंच नाही."

"आजून एक आला. आन् नंबर ह्यो न्हाय... मामांच्या रिमोटचा हाय."

प्रत्येक रिमोटचा स्वतःचा नंबर सिग्नलबरोबर जातो. मी शिडी चढून वर गेलो. स्क्रीनवर ओळीनं दिसत होतं — स्टॉप, सिग्नल कमजोर, नाकारला. पुन्हा तेच. नऊ वेळा, घाईघाईनं दाबल्यासारखं. मग एकदम बंद.

मामांचा रिमोट मॅनेजरच्या कपाटात कुलपात होता. उघडायला लावला. दोन तुकडे झालेले, सेलची जागा रिकामी. मॅनेजरनी लॅपटॉपकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ते पान रिपोर्टला नको."

माझं डोकं फिरलं. मंगळवारी कुणाला न विचारता परत गेलो. भट्ट्या चालू होत्या. त्या पट्ट्यातली माणसं लांब केली, संभाजीला मेन स्विचशी उभं केलं, रिकामी क्रेन सातव्या खांबाकडे आणली आणि स्टॉप दाबला. क्रेन पुढंच. संभाजीनं लाईन पाडली तेव्हा थांबली. भट्टीच्या विजेच्या गोंगाटात सिग्नल बुडत होता. खरं तर सिग्नल तुटला की क्रेन आपोआप थांबायला पाहिजे. पण काम सारखं अडतं म्हणून ती सोयच कुणीतरी वायर जोडून बाद करून ठेवली होती. काय म्हणायचं या माणसांना?

दोन्ही दिवसांची पानं रिपोर्टला लावली. मॅनेजरनी दोन्ही काढली. मग मी प्रती घेऊन नेसरीला मामींकडे गेलो. मामांनी वेळेत, नऊ वेळा बटण दाबलं होतं, हे त्यांना कळायलाच हवं होतं.

मामींनी कागद हातात घेतले नाहीत. "ह्यांनी दाबलंच आसनार की. मला म्हाईत हाय. कागद कशाला दावतासा?"

मग म्हणाल्या, "ते यंत्र बसवलं तवा तपासलं कुनी हुतं?"

सेल नसलेल्या रिमोटमधून नऊ सिग्नल कसे आले, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. डोकं खाजवून दमलो. पण मामींच्या प्रश्नाचं उत्तर होतं. मीच तपासलं होतं. गेल्या वर्षी, अशाच एका सोमवारी, भट्ट्या बंद असताना... सुट्टीत काम पटकन उरकतं म्हणून. खाली 'पास' लिहून सही केली होती.