पाणी आलं का?

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून मी दोन दिवस रजा काढली आणि "निघालोच ताई" म्हणणाऱ्या प्लंबरची वाट बघत चिडचिडत बसले. तेवढ्यात लेनाचा फोन आला. शिकायला पुण्यात आली तेव्हा ती तीन वर्षं आमच्या शेजारी राहायची. आता तिच्या शहरात युद्ध चालू आहे. "बरी आहेस ना?" या माझ्या मेसेजला तिने चार दिवस उत्तर दिलं नव्हतं.

"पाणी आलं का गं?" तिने विचारलं.

शेजारी असताना आमच्यातली जी आधी उठेल ती गॅलरीतून दुसरीला हेच विचारायची. मी नळाचं रडगाणं गायलं. तिने ते मन लावून ऐकलं.

"वायसर गेला असेल. तोवर खाली बादली ठेव." मग सहज म्हणाली, "आमच्याकडे परवापासून नाही. टँकर येतो. वरच्या आजींचं पाणी मीच भरते."

एवढ्या धामधुमीत हिला माझ्या वायसरची काळजी करायला जागा कुठून मिळते, कोण जाणे. मी मुकाट्याने बादली ठेवली.

आता रोज उठल्या उठल्या मी तिला विचारते, "पाणी आलं का?"

"नाही आलं," ती लिहिते, आणि माझा जीव भांड्यात पडतो.