पाडव्याचा चक्का आणि फ्रिजची पाठ

"मुजावरकाका, वरच्या कप्प्याला धक्का लावू नका हं, आत चक्का आहे," असं मंजिरीताई म्हणाल्या, तेव्हा मी खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नव्हती.

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला, सकाळचे अकरा. मी मूळचा मिरजेचा, पण दिल्लीत फ्रिज दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. मराठी घरातली कंप्लेंट आली की ऑफिस ती माझ्याच गळ्यात मारतं. दार उघडून थर्मामीटर आत ठेवला. चौदा. तिथे चार-पाच डिग्री हवेत. चौदा डिग्रीचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.

तीन मोठी पातेली भरून चक्का होता. दुसऱ्या दिवशी पाडवा, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सत्तर माणसांची पंगत. गेल्या वर्षी श्रीखंड दुकानातून आणलं होतं, ते सगळ्यांनी नावं ठेवत खाल्लं. मीटिंगमध्ये सबनीसबाई म्हणाल्या, "दिल्लीत घरचं श्रीखंड आता कुणाला जमतंय?" त्यावर मंजिरीताई भर सभेत उठून म्हणाल्या, "मला जमतं. पुढच्या वर्षी मी करते." आणि आता चक्का आंबायच्या बेतात.

"काका, जरा चाखून सांगता का? माझी हिंमतच होत नाहीये."

"रोजा आहे माझा, ताई."

"अय्या, सॉरी. तुम्हाला पाणीसुद्धा विचारायची सोय नाही."

मग त्यांनीच चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. अजून ठीक होता. संध्याकाळपर्यंत राहिला नसता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. शेजारपाजारचे फ्रिज सणाच्या सामानाने आधीच भरलेले. मी त्यांना म्हटलं, शेजारून बर्फाचे ट्रे तेवढे गोळा करा आणि पातेली परातीत बर्फावर ठेवा.

तेवढ्यात सेठीसाहेबांचा फोन. हे आमच्या सर्व्हिस सेंटरचे मालक.

"मुजावर जी, देखा? कंप्रेसर गया होगा. लिख दो, परसों तक आ जाएगा."

"परसों नहीं चलेगा, साहब. कल त्योहार है."

"तो मैं क्या करूँ, यार? गोदाम में बैठके बनाऊँ?"

मी फोन ठेवला. रोजा असला की माझा आवाज लवकर चढतो, त्यामुळे वाद घालायचा नाही असं मी ठरवलेलं असतं.

कॉम्प्रेसर मात्र संशयास्पद वागत होता खरा. थोडा वेळ घुरघुरायचा, मग टक् आवाज करून बंद. त्याला एक छोटा स्विच असतो. कॉम्प्रेसर फार तापला की तो स्विच स्वतःहून त्याला बंद करतो. म्हणजे प्रश्न असा, की हा एवढा तापतोय का? प्लग काढला आणि फ्रिज ओढून फिरवला.

मागे गोधडी होती.

साधीसुधी नाही. जुन्या सुती साड्यांची, चार पदरी, कडेने लाल पट्टी, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना नाड्या. फ्रिजच्या पाठीला अगदी मापात बांधलेली.

"हे काय आहे?" माझा आवाज चढलाच. "फ्रिजला थंडी वाजत होती का?"

"कव्हर आहे. मीच शिवलं."

"मागच्या जाळीला कव्हर? अहो ताई, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मंजिरीताई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "काका, तुम्हीच. दिवाळीत सर्व्हिसिंगला आलात तेव्हा म्हणालात, दिल्लीची धूळ वाईट, या जाळीवर धूळ बसू देऊ नका."

म्हणालो होतो. प्रत्येक घरी म्हणतो. त्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटलाही कव्हर. धूळ बसू द्यायची नाही म्हटल्यावर ती बाई दुसरं काय करणार? मला भयंकर लाज वाटली.

फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि मागे नेऊन टाकतो. टाकायची जागा म्हणजे ती काळी जाळी, आमच्या भाषेत कंडेन्सर कॉइल. तिला मोकळी हवा लागते. नव्या फ्रिजमध्ये ती अंगात लपवलेली असते, हा जुना होता. हिवाळाभर गोधडी खपून गेली. मार्च तापला तसा कॉम्प्रेसरचा जीव कासावीस झाला.

गोधडी सोडली. आत सुताचा भुगा आणि धूळ मिळून जाळीवर वाटीभर लोकर जमली होती. माझ्या बॅगेत रंगाचा दोन इंची ब्रश कायम असतो. वरून खाली, हलक्या हाताने, नळी वाकणार नाही असा फिरवला. मंजिरीताईंनी व्हॅक्यूम क्लीनर धरला. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला आणि कॉम्प्रेसरवर हात ठेवता येईल इतका तो निवेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग प्लग लावला.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. टक् झालं नाही. मला पुढे दोन कॉल होते, ते मी मुकाट्याने पुढे ढकलले. दोन वाजता आत अकरा, चारला पाच. पातेली परत आत गेली. मंजिरीताई स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मी सबनीसबाईंना काय तोंड दाखवणार होते हो?"

श्रीखंड झालं. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या वेळेला माझ्या घरी एक डबा पोचला. सोबत निरोप होता, की पंगतीत सबनीसबाईंनी तीनदा वाढून घेतलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. माझ्या बायकोने डबा चाटूनपुसून साफ केला. मला दोन चमचे मिळाले.

सेठीसाहेबांना मात्र कागद पूर्ण हवा होता. "खराबी का कारण लिखना है. कस्टमर की लापरवाही."

"लापरवाही नहीं थी, साहब. इतनी परवाह तो मैंने किसी की नहीं देखी."

"फिर क्या लिखूँ?"

"मेकॅनिक की आधी सलाह."

ते हसले. मग त्यांनी 'सफाई' एवढंच लिहिलं.

हल्ली मी कुणाला जाळीवर धूळ बसू देऊ नका असं सांगत नाही. प्लग काढायला लावतो, ब्रश हातात देतो आणि म्हणतो, आता माझ्यासमोर झाडून दाखवा. दहा मिनिटं जास्त जातात. लोक वैतागतात. वैतागू देत.