जाळीच्या गाडीतून एक फेरी

इंदापूरच्या पोलिसांची एक जुनी गाडी लिलावात निघणार आहे, ही बातमी मी पुण्याहून सुट्टीला आलो त्याच आठवड्यात आमच्या जळोचीत पोहोचली. गाडी कैदी नेण्याची होती. मागे दोन्ही अंगांना लोखंडी बाकं आणि सगळीकडून जाळी. लोक तिला पिंजराच म्हणत. मला मात्र जाळीचं ऐकूनच आनंद झाला. वांगी, मिरच्या, पेरू सगळं वाऱ्यावर राहील, वाटेत उबणार नाही. भाजी न्यायला मुद्दाम बांधून घेतली असती तरी याहून बरी गाडी झाली नसती.

खरं सांगायचं तर भाजी हे निमित्त होतं. मी तेव्हा पुण्यात दुसऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर होतो. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायकोचं तोंड सणासुदीला दिसायचं. घरची गाडी झाली तर मी घरी राहणार, नाही तर सुट्टी संपली की पुन्हा पुण्याच्या एस्टीत बसणार. पण हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगणार कसं? बापासमोर बायकोचा विषय काढण्याची आमच्याकडे रीत नव्हती. म्हणून मी आपला दोन्ही वेळच्या जेवणात वांग्यांबद्दल बोलत होतो.

आईने पहिल्याच दिवशी मोडता घातला. "ज्या गाडीत चोरं बसली, तिच्यात आपली वांगी घालायची व्हय?"

"वांग्याला काय कळतंय कोन बसलं हुतं ते?" आबा म्हणाले.

"वांग्याला न्हाय, गावाला कळतंय. दारात पोलिसाची गाडी हुबी ऱ्हायली की लोक काय समजत्यात?"

बायको घरात काही बोलली नाही. पाटाच्या पाण्यावर धुणं धुताना मात्र मला म्हणाली, "अवो, गाडी कसलीबी असू द्या. तुमी हितं असला म्हंजी झालं." एवढं बोलून तिने धुणं असं काही आपटलं की मी पुरता भिजलो. त्यानंतर माझ्या वांग्यांच्या बोलण्याला भलतीच धार आली.

शेवटी आबा म्हणाले, "बघाय काय जातंय?" आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं एस्टीने इंदापूरला गेलो.

आबांनी हयातीत बैल घेतले होते, गाडी नव्हे. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या बाजूला कोणी नव्हता. मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज आपली विद्या दाखवायची. मी लागलीच गाडीखाली शिरलो, स्प्रिंगचे पाटे पाहिले, तेल कुठे गळतंय ते पाहिलं. बाहेर आलो तर आबा गाडीच्या मागे उकिडवे बसून तिच्याकडे एकटक बघत होते. मग उठून त्यांनी एक प्रदक्षिणा घातली आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या. उजव्या अंगाला एक वाटोळा पोचा होता, त्याच्यावरून बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा बघावा तसं बोट फिरवत म्हणाले, "भवरा उजवीकडं हाय. चांगलं हाय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाडीचा पोलीस ड्रायव्हर शेजारीच तंबाखू मळत उभा होता. आबांनी त्याला थेट विचारलं, "हवालदार, हिची खोड काय?"

बाजारात बैल घेताना पहिला प्रश्न हाच. 'काही खोड नाही' असं म्हणणाऱ्याकडून आबा कधीच बैल घेत नसत. हवालदारही शेतकऱ्याच्याच घरचा निघाला. तो जराही हसला नाही. "चढाला तापती," म्हणाला. "पानी पाजल्याबिगर फुडं हालत न्हाय. सकाळी हँडल मारून मारून खांदा निघतो. पर एकदा उठली की दिवसभर बसायची न्हाय."

"लाथ मारती का?"

"हँडल मारताना कदी कदी मारती. अंगठा जपायचा."

आबा खूश झाले. राहिली ओढीची परीक्षा. बैलांची ओढ बघताना चाकं बांधलेल्या गाडीत माणसं भरतात आणि मग बैलांना ओढायला लावतात. आबांना इथेही तेच हवं होतं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी एक चक्कर मारायची परवानगी दिली होती. आबा बाहेर रस्त्यावर गेले आणि बाजाराला आलेल्या माणसांना आग्रह करू लागले, "या मंडळी, बसा. फुकाट हाय."

पोलीस कचेरीसमोर, पोलिसांच्या पिंजऱ्यात, भर बाजारादिवशी! लोक पिशव्या सावरत लांबून जायला लागले. एकाने तर हात जोडले. आबा वैतागले. "भित्री जात सगळी," म्हणाले आणि स्वतःच मागे चढून बसले. मी गाडी हाकायला बसलो, शेजारी गणवेशातला हवालदार, आणि आमच्या मागच्या जाळीआड एकटे आबा. पटका, मिशा, सगळा थाट शाबूत.

बाजारातून गाडी निघाली. गर्दी आपोआप दुभंगत होती. मिरचीच्या ढिगाऱ्यांपाशी एक म्हातारी अचानक आडवी आली, ती मी अलगद सांभाळली. तेवढ्यात मागून आबांची आरोळी आली, "तात्याऽ! घरी सांगा, यायाला उशीर हुईल म्हनून!" हे तात्या आमचे जळोचीचे शेजारी. त्यांचं आणि आमचं बांधावरून तीन पावसाळे भांडण चालू होतं. पण परगावात गावचं माणूस दिसलं की आबांना भांडण आठवत नसे. जाळीतून हात बाहेर काढून ते मजेत हलवत होते. तात्या मात्र हातातली मेथी तशीच धरून उभे राहिले.

परतताना एस्टीत आबा गाडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, "कशी वाटली?" ते म्हणाले, "बघू." बारामती येईपर्यंत मला या 'बघू'चा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

दिवेलागणीला जळोचीत पोहोचलो तर आमच्या अंगणात निम्मं गाव. आई उंबऱ्यावर डोळ्यांना पदर लावून बसलेली. तात्यांनी निरोप शब्दनशब्द चोख पोहोचवला होता: तुमचे मालक पोलिसांच्या पिंजऱ्यात आहेत, पोरगं आणि पोलीस त्यांना घेऊन चाललेत, यायला उशीर होईल म्हणाले. त्यावर गावाने सहा महिन्यांपासून जन्मठेपेपर्यंत सगळ्या शिक्षा आबांना देऊन टाकल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे नवा पटका बांधून तात्याच निघण्याच्या तयारीत उभे होते.

"मी निघालो हुतो जामीन ऱ्हायाला," ते आबांना म्हणाले. "आपलं बांधाचं भांडान. लोक म्हनले आसते, ह्यानंच धरून दिला."

आबा पोट धरून हसले. तात्यांना त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि फेरीची सगळी हकिकत साऱ्या अंगणाला ऐकवली. आईला हसू आलं नाही. रडणं थांबल्यावर तिचा राग उसळला. "ती गाडी ह्या दारात आली तर मी म्हायारी चालली," असं तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं.

मी दिवसभर धुमसत होतोच. तिथेच भडकलो. "नको तर नको!" मी ओरडलो. "वांगी सडू द्यात न्हायतर काय बी हूं द्या. मी उद्याच्या एस्टीनं पुन्याला जातो!"

आबांनी कपातला चहा संपवला.

"मला गाडीतलं काय कळतंय?" ते म्हणाले. "खोड इचारली, भवरा बघितला, पर इंजनातलं मला काय ठावं न्हाय. मी आत बसून जाळीतनं तुझ्याकडंच बघत हुतो. म्हातारी आडवी आली तवा मला हिसकासुदिक लागला न्हाय. दोन वर्सं लोकाची गाडी अशी हाकतुयास, आन मी म्हनत हुतो, बसून खायाचा धंदा हाय."

आबांनी मला चांगलं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आता लोकाची हाकायची न्हाय," ते म्हणाले. "ही मिळाली तर ही, न्हायतर दुसरी बघू. तवर वांग्याला पानी धर. पुन्याला जायाचं न्हाय."

डोळे भरले, आणि तात्यांच्या समोर रडायचं नाही म्हणून मी उगीचच गोठ्याकडे गेलो. तसा आनंद मला पुन्हा फार वेळा झाला नाही.

लिलावात ती गाडी भिगवणच्या एका व्यापाऱ्याने नेली. आई देवाला नारळ फोडून आली. आम्हाला दुसरी मिळायला पुढे वर्ष लागलं आणि ते वर्षभर मी इमानेइतबारे वांग्यांना पाणी दिलं.

पण आबांनी मला थांबवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तेव्हा लिलाव अजून व्हायचा होता. पुण्याला न्यायची माझी वळकटी बायकोने सोडून टाकली होती. सतरंजी धुऊन कुंपणावर वाळत घातली होती, आणि चुलीपुढे बसून ती मोठ्याने गाणं म्हणत होती, सासू-सासरे घरात असताना.