बाटली हलवू नकोस

"हलवू नकोस," सर म्हणायचे आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवायचे.

तुम्हीही बघा, बाटली हातात आली की माणूस ती हलवतोच. अंधेरीतल्या आमच्या गाळ्यात मात्र ते पाप होतं. वितळलेल्या धातूजवळ चालणाऱ्या प्रेस मशीनसाठी आम्ही पाइपांतून दाबाने फिरणारं, सहजी न पेटणारं तेल बनवायचो. तेलात पाणी असं मिसळायचं, की पाइप फुटून फवारा धातूवर उडाला तरी भडका होऊ नये. ठेवलेल्या बाटलीत वर तेलाची पिवळी रेघ आली, म्हणजे मिश्रण फुटलं. हलवलं की ते पुन्हा दुधासारखं पांढरं, आणि आपण फसलो.

तेल तपासून पास करायचं काम सरांचं, आणि ते भयंकर भित्रे. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की उदबत्ती लगेच नळाखाली धरायचे. आम्ही हसलो की म्हणायचे, "हसा. मला घाबरायचाच पगार मिळतो."

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. "चहा जास्त होतो रे," म्हणत ते तो खिशात घालायचे.

एका सकाळी त्यांनी नव्या तेलाची बाटली फळीवरून उचलून उजेडात धरली. पांढरीशुभ्र. "झकास. लाव चाचणी." मी त्याच तेलाचा पिंप पंपाला जोडला आणि ज्योतीवर फवारा सोडला. ज्योत विझायला हवी होती. ती छताला भिडली. मी फवारा सोडतच राहिलो.

"बाजूक हो, मेल्या," म्हणत सरांनी मला कॉलर धरून ओढलं आणि पंप बंद केला. माझ्या भुवया जळाल्या होत्या.

फळीवर त्याच तेलाची दुसरी बाटली होती. वर बोटभर पिवळी रेघ. सरांनी ती उचलली आणि त्यांच्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत, रेघ नाहीशी झाली.

आगीला ते रोज घाबरायचे. स्वतःला घाबरलेले मी तेव्हाच पाहिले.

"उद्या हे कारखान्यात गेलं असतं," ते म्हणाले. "मशीनपाशी माणसं असतात रे."

मग म्हणाले, "हात दाखव." माझेही हात थरथरत होते.

"तुझे थांबतील. माझा नाही थांबायचा."

त्यानंतर ते गाळ्यात आले नाहीत. आता बाटल्या मी तपासतो, अजूनही भीत भीतच. सर गेल्याचा निरोप आला, तेव्हा नेमकी एक बाटली माझ्या हातात होती. आधी ती फळीवर ठेवली. मग हात थरथरू दिले.