लढाई नव्हती, तरी दामोदर गेला

तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमन ती घेऊन शाळेतच आला. केशोरीत इंग्रजी वाचणारा मास्तर मी एकटा. दामोदर गाझाच्या सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात गेला, एवढंच तिच्यात होतं. त्याची माय तेव्हा शेताच्या बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, करत होती. चिखलात उभ्या उभ्या तिनं माझ्याकडून ऐकलं आणि विचारलं, "तो तं भांडण थांबवाले गेला होता ना?"

आम्ही दोघं चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. मी मास्तर झालो, तो फौजेत गेला. गेल्या उन्हाळ्यात सुटीवर आला तो शांतिसेनेची निळी टोपी घालून. दोन देशांच्या फौजांमध्ये उभं राहायचं आणि कोणी पुन्हा गोळी झाडू नये हे पाहायचं, असं त्याचं काम. बंदूक होती, पण आपणहून चालवायची नाही. मी म्हटलं, बरं आहे, जिवाला धोका नाही. तो हसला नाही. "लढाईत दुश्मन तरी समजते," तो म्हणाला. "तिथं मधात उभं रायतो, तं दोघंही आमच्यावरच चिडून रायले." वाळूत जुने सुरुंग पेरलेले होते. नकाशे मागितले की प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवायची...

तारेनंतर महिन्याभरानं त्याच्या सोबत्याचं पत्र आलं. एक म्हातारा मेंढपाळ बकऱ्यांमागे सुरुंगांच्या त्या पट्ट्यात शिरला आणि पाय गमावून ओरडत पडला. दोन्हीकडच्या चौक्यांवरून शिपाई नुसते पाहत होते. दामोदर आत गेला, त्याला पाठीवर घेऊन आला. म्हाताऱ्याला सोबत्यांच्या हाती देऊन मागं सरकला, तेवढ्यात पायाखालचा सुरुंग फुटला. म्हातारा वाचला म्हणतात. दामोदरला अग्नीही तिकडेच दिला.

पुढं गोंदियात एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं, लढाईच नव्हती तर हा मेला कसा? मी त्यांचा चहा तसाच ठेवून उठलो. बोलायला हवं होतं, याचा संताप अजून जात नाही. आपली माणसं दोघांच्या मधे उभी करायची, त्यांच्या हाती ना अधिकार ना नकाशा, आणि ती मेली की म्हणायचं, तिथं तर शांतता आहे. कोणाची शांतता?

परवा माय शाळेत आली. दर महिन्याला दामोदरला पत्र लिहवून घ्यायला यायची, तशीच माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"लिह बापू. त्या दोघायले लिह. भांडण तुमचं होतं, माहा पोरगा काऊन मेला?"

मी लिहून दिलं, तिच्याच शब्दांत. पाकीट माझ्या टेबलावर आहे... त्यावर पत्ता कोणाचा घालावा, ते कोणी सांगत नाही.