नागोजीच्या गाडीची मागची सीट

नागोजीनं नवी गाडी घेतली हे मला त्याच्या तोंडून कळलं नाही. हुबळीत कमरीपेठेत माझं सीट कव्हरचं दुकान आहे, त्याच्यासमोर पंक्चरवाला बसतो. त्यानं सांगितलं, तेही पेढा खाता खाता. म्हणजे पंक्चरवाल्याला पेढा आधी आणि मला नंतर. पोटात दुखायला माणसाला एवढं पुरतं, आणि माझं दुखलं. खोटं कशाला बोलू?

नागोजी नवनगरचा, शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा. अळणावर ते हल्याळ, कुठल्याही खेड्यात मोटार जळली की याला निरोप. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. पण डांबर संपून पायवाट लागली की गडी खुलायचा. ब्याण्णव साली त्यानं जुनी येझदी मोटारसायकल घेतली. सायलेन्सर वर उचलून बांधला, इंजिनाच्या खाली पत्रा ठोकला, खोल खाचांचे टायर घातले आणि तिला जंगलची गाडी करून टाकली. आठवडाभर ती कामाला असायची. महिन्यातल्या एका रविवारी मात्र आम्ही दोघं कॅसलरॉक, अनमोड, दांडेलीच्या पलीकडं, रस्ता म्हणावा असा रस्ता जिथं नसायचा तिथं जायचो. पुढं तो, मागं मी. अशी तेरा वर्षं गेली.

मागं बसणारा म्हणजे नुसतं गाठोडं, असं कुणी समजू नये. येझदीला दोन माणसं लागायची. पेट्रोलात ऑइल मापून मी घालायचो. प्लग काळा झाला की काढून पुसायचो मीच. किक मारून नागोजीचा पाय भरून आला की पुढची किक माझी. चढावर चिखलात रुतली की उतरून ढकलायचो, आणि मागच्या चाकाचा सगळा चिखल माझ्या तोंडावर. ‘लक्ष्मण न्हाई तर गाडी न्हाई,’ असं तो चारचौघांत म्हणायचा. ते ऐकून मी इतका फुगायचो की घरी जाऊन बायकोला पुन्हा सांगायचो. ती म्हणायची, ‘मागच्या खेपेलाबी हेच सांगितलासा.’

ही नवी गाडी दोन हजार पाच सालची. बटण दाबलं की चालू. ऑइल मिसळायला नको, प्लग पुसायला नको, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि चढावर अशी उचलायची की ढकलणाऱ्यानं घरीच बसावं. नागोजी दाखवायला घेऊन आला तेव्हा मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि ‘इंडिकेटर बारके हाईत’ एवढंच म्हणालो. दुसरी खोट सापडली नाही.

‘आणि येझदी?’

‘दिली की अळणावरच्या एका शेतकऱ्याला.’

‘मला इचारायचास तरी.’

‘तुला चालवाय कुठं येतंय?’

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मग त्यानं सीट सोडवून माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, पहिलीसारखी सपाट अन् लांब करून दे, मागच्यानं दिवसभर बसावं अशी. मागचा कोण, हे मी विचारलं नाही. विचारायचं कारणच काय होतं? माझा राग निम्मा तिथंच उतरला. स्वतःच्या लेकीच्या लग्नातल्या सोफ्यालाही घातला नव्हता असा फोम मी आणला, तीन थर चिकटवले, मागच्या भागाला माझ्या मापाचा किंचित खोलगटपणा दिला. शिवण दुहेरी घातली. मजुरी घ्यायची नाही, हेही ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी चहाला आला तेव्हा नागोजी सहज बोलून गेला. ‘ह्या रविवारी दांडेलीच्या पलीकडं उळवीला जातोय. राधाला घेऊन. बटनाची गाडी, आता ढकलाय कोण नको. तिच्या मनात लई वर्सापासनं हाय.’

राधा म्हणजे त्याची बायको. मी ‘आयतु’ म्हणालो. आमच्याकडं हो म्हणायला कानडी बरी पडते, आतला राग त्यात दिसत नाही. पण चहा गार झाला तरी माझ्या हातातच होता. ढकलाय कोण नको! तेरा वर्षं मी काय हमाल होतो?

तो गेला आणि मी शिवण उसवली. मागच्या भागातला फोम काढला. लाकडी बाकांवरच्या स्वस्त गाद्यांत भरतात तो काथ्या दाबून, ठोकून घातला आणि वर बोटभर फोमचा एकच थर ठेवला. ही आमच्या धंद्यातली लबाडी आहे. गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून बघतं, अंगठ्याला मऊ लागतं. बुडाला खरं काय ते दहा मैलांनी कळतं. शनिवारी नागोजीनं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि ‘झकास’ म्हणाला.

रविवारी मी घरातच होतो, पण मनानं त्यांच्या मागं मागं चाललो होतो. आता धारवाड गेलं, आता टोचायला लागलं असेल. आता हल्याळ, आता ती एका अंगावर झाली असेल. दांडेलीच्या पुढच्या खड्ड्यांत तर बोलायलाच नको. माझं मलाच हसू येत होतं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, दोघं चहाला थांबले असतील, आमच्या नेहमीच्या टपरीवर, आणि मी चिखलाचं तोंड धुवायचो तो ओढा नागोजी तिला दाखवत असेल. मग हसू कुठल्या कुठं जायचं. माझा ओढा तिला का दाखवायचा?

मंगळवारी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. राधावहिनी उतरल्या, हातात ती सीट. नागोजी मोटारीची तार आणायला बसनं बेळगावला गेला होता. त्यांनी सीट माझ्यासमोर ठेवली. मी बसायला स्टूल दिलं, तर ‘उभीच बरी’ म्हणाल्या.

‘लक्ष्मणअण्णा, हे जरा मऊ करून द्या. त्यांना सांगू नका.’

‘त्यांना का नको?’

‘दुखालंय म्हटलं तर म्हणतील, तुला झेपत न्हाई, लक्ष्मणालाच नेतो. जाताना येताना एक अक्षर बोलले न्हाई मी. झाडं लई चांगली हाईत तिकडं. लग्न झाल्यापासनं ऐकालते, बघितली आत्ता.’

सीट ठेवून जा, असं मी दोनदा म्हटलं. त्या हलेनात; त्यांना नागोजी यायच्या आत ती घरी न्यायची होती. मग काय, ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोरच शिवण उसवायला बसलो. रेक्झिन बाजूला झालं तसा काथ्या वर आला. तीन थर फोम तिथंच माझ्या मशीनखाली पडला होता, माझ्या मापाचा, कुणीही ओळखावा असा. वहिनींनी खाली बघितलं, मग काथ्यावर अंगठा टेकवून बघितला. हुबळीच्या उन्हाळ्यातही आला नसेल एवढा घाम मला आला. फोम संपला होता असं म्हणायचीही सोय नव्हती.

वहिनींचा आवाज चढला नाही.

‘तेरा वर्षं तुम्ही बसलासा, अण्णा. दर खेपेला मी दारात उभारून बघालते. पण तुमची सीट मी कधी उसवली न्हाई.’

मी खाली वाकून फोम उचलला.